एका घरात दोन चुली

"सरकारकडून पैसे कसे काढायचे ते मला शिकवू नकोस!" बायकोला असं ठणकावून प्लंबरने दोन अर्ज सरकारी कचेरीच्या खिडकीत सरकवले. एक स्वतःचा, एक वडिलांचा, म्हणजे अप्पांचा.

महागाईने त्याच्या घराचा पार घाम काढला होता. पूर्वी दुधात पाणी असायचं, आता पाण्यात दूध! विजेचं बिल आलं की घरात कुणी गेल्यासारखी शांतता पसरायची. अशात सरकारने मदत जाहीर केली. घरामागे नव्हे, चुलीमागे! प्लंबरचं डोकं फुटक्या नळासारखं धो-धो चालू लागलं. माळ्यावरची जुनी शेगडी आणि गॅसची रिकामी छोटी टाकी त्याने अप्पांच्या खोलीत नेऊन ठेवली. झाल्या दोन चुली!

"अंगाशी येईल हं," बायको म्हणाली.

"तपासायला कोण कुत्रं येतंय?"

कुत्रं नाही, सरकारी बाई आली. कडक इस्त्रीच्या चेहऱ्याची. "अर्ज खोटा निघाला तर दोन्ही मदती रद्द, वर दंड," तिने उंबऱ्यातच सांगून टाकलं.

अप्पांना त्याने पढवून ठेवलं होतं, 'पटत नाही' म्हणायचं आणि गप्प बसायचं. पण अप्पांनी उमेदीच्या काळात हौशी नाटकांत नुसता भाला धरून उभं राहायची कामं केलेली. जन्मात पहिल्यांदा वाक्य मिळालं होतं!

"वेगळे का राहता, आजोबा?"

"पटत नाही!" अप्पा गरजले. प्लंबर मनात खूश झाला. अप्पा थांबले मात्र नाहीत. "मी आंघोळीला बसलो की हा बाहेरून गीझर बंद करतो! डोक्याला साबण तसाच!"

"अप्पा, पुरे," प्लंबर पुटपुटला.

"वाचायला दिवा लावला की दारात येऊन खोकतो! एवढा खोकला असेल तर डॉक्टरकडे जा म्हणावं!"

प्लंबरचे कान तापले. हे नाटक नव्हतं. यातलं अक्षरन् अक्षर खरं होतं.

"मग बिल कोण भरतं?" तो ओरडला. "दिवसभर लोकांच्या मोऱ्यांत हात घालतो मी!"

"आणि घर कुणाच्या नावावर आहे?"

बायकोने पदर तोंडात कोंबला. हसू दाबायला की रडू, ते तिचं तिलाच ठाऊक.

"शेगडी पेटवून दाखवा," बाई म्हणाली.

संपलं! टाकीत वासापुरतासुद्धा गॅस नव्हता. अप्पांनी खटका फिरवला, काडी ओढली... आणि भप्पकन निळी ज्योत उभी राहिली!

"मीच भरून आणली," प्लंबरकडे न बघता अप्पा म्हणाले. "दुपारचा चहा इथेच करतो हल्ली. सूनबाई दुधाच्या पातेल्यात डोकावून थेंब मोजत बसते. तिच्याकडे कुठल्या तोंडाने मागू?"

बायको तशीच आत निघून गेली. प्लंबरला कुठे बघावं कळेना.

बाईने खाली मान घालून लिहून घेतलं. "आजोबांची चूल मंजूर. तुमची मात्र नाही."

"का?"

"घर त्यांचं, चूल वेगळी. म्हणजे तुम्ही भाडेकरू. भाड्याची पावती आणा, मगच मदत."

"देतो की!" अप्पा म्हणाले. "आधी भाडं टाक म्हणावं."

प्लंबरने मुकाट्याने भाडं टाकलं, अप्पांनी झोकात पावती फाडली, आणि दोन्ही चुलींची मदत आली. अप्पांनी त्याच संध्याकाळी सुनेच्या हातात दुधाची भरलेली किटली ठेवली. गीझरला आता कुणी हात लावत नाही. प्लंबर दारात खोकतही नाही. सगळं कसं गोडीगुलाबीने चाललं आहे.

फक्त, सरकारची मदत एकदाच आली हो! भाडं मात्र अप्पा दर महिन्याला मागतात.