रायबाच्या अंगठ्याचा कोर्स

"रायबाकाका, खरं सांगा. गोळ्या खाल्ल्या का?"

भोरच्या दवाखान्यात साधना डॉक्टरीणबाई रायबाचा उजवा पाय निरखत होत्या. अंगठ्यात बाभळीचा काटा मोडला, त्याला अडीच महिने झाले होते. गोळ्यांचे तीन कोर्स झाले. दर वेळी अंगठा उतरायचा आणि आठवड्याभरात पुन्हा वांग्यासारखा सुजायचा.

"ह्यो बगा पुरावा!" रायबाने खिशातून रिकामी पाकिटं काढून टेबलावर मांडली. एक गोळी शिल्लक नव्हती.

डॉक्टरीणबाईंनी कपाळाला हात लावला. "मग जंतू भलतेच चिवट आहेत. आता हे शेवटचं, जास्त ताकदीचं औषध. दहा दिवस, सकाळ-संध्याकाळ. याने भागलं नाही तर पुण्याला पाठवावं लागेल. अंगठा काढायचीही वेळ येईल."

रायबाच्या तोंडचं पाणी पळालं. हिर्डोशीच्या वर, डोंगरातल्या वस्तीवर त्याची चाळीस शेरडं होती. अंगठ्याशिवाय त्यांच्यामागे पळायचं कसं? त्याची बायको सोजराबाई तर एसटीत बसल्यापासून डोळ्याला पदर लावून बसली, तो घर आलं तरी खाली घेईना.

असली बातमी वस्तीवर माणसांच्या आधी पोचते. शेजारची धोंडाबाई लगेच समाचाराला आली. "रडू नगंस, सोजरे. लई गुणाच्या गोळ्या हायत त्या. माजा ताप एका गोळीत उतारला."

सोजराबाईचा पदर आपोआप खाली आला. "कुठल्या गोळीत?"

"ह्याच की! रायबानं दिली न्हवं का."

दारात टेकलेला गेनू गाल चोळत म्हणाला, "माजी दाढबी त्यानंच ऱ्हायली. चार खाल्ल्या म्या."

"आन आमच्या शेळीचा खूर!" मागून बाळाबाई पुढे सरसावली. "पिठाच्या गोळ्यात घालून दोन चारल्या. तिसऱ्या दिशी उड्या मारत व्हती!"

बाजेवर बसलेला रायबा भर दुपारी एकाएकी झोपी गेला.

"उठा! सोंगं नगंत!" सोजराबाई कडाडली.

"आगं, चार दिसांत ठणका थांबायचा," रायबा उठून बसत म्हणाला. "मग ऱ्हायलेल्या चांगल्या गोळ्या काय उकिरड्यावर टाकायच्या? दारात आलेल्याला न्हाई कसं म्हनायचं?"

हे झालं सांगायचं कारण. खरी गोष्ट अशी, की लोक त्याला 'डॉक्टर' म्हणू लागले होते. जन्मभर शेरडांमागे हिंडलेल्या माणसाला कोण मान देतो? आता मात्र लोक आधी दारातून हाक मारून मग आत यायचे. गोळी देण्याआधी रायबा त्यांची जीभसुद्धा बघायचा. काय दिसायचं ते त्याचं त्याला ठाऊक.

"आज गोळी मागितली म्हनून दिली," सोजराबाई म्हणाली, "उद्या कुनी अंगठा मागितला आसता, तर त्योबी दिला आसता तुमी!" आणि मग तिला खरोखरच रडू फुटलं. सगळे खाली मान घालून उभे राहिले.

नव्या गोळ्या सोजराबाईच्या कनवटीला गेल्या. ओशाळलेली वस्ती राखणीला बसली. सकाळ-संध्याकाळ गेनू येऊन, "आ कर. जीभ वर कर," असं फर्मावून पाहणी करी. पाचव्या दिवशी ठणका थांबला आणि रायबा म्हणाला, "आता बरं वाटतंय की..." एवढ्यात चुलीपाशी उलथनं वाजलं. उरलेलं वाक्य त्याने गोळीबरोबर गिळलं.

अकराव्या दिवशी ही मंडळी भोरला निघाली, तेव्हा एसटीत निम्मी वस्ती होती. रायबाचा दवाखाना बंद पडल्यामुळे धोंडाबाईचा ताप, गेनूची दाढ आणि बाळाबाईचा जुना खोकला, सगळं एकदमच वर आलं होतं.

"वाचला अंगठा!" डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "जखम कोरडी पडलीय. आता पुण्याला जायला नको."

रायबाने अंगठा हलवून पाहिला. पुन्हा हलवला. एवढा मोठा गडी, पण डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं आणि तसाच हसायलाही लागला. सोजराबाईने हात जोडले. "पावलास रं भैरवनाथा!" छातीवरचा धोंडा उतरल्यावर मग तिने गोळ्यांची सगळी कथा डॉक्टरीणबाईंना सांगून टाकली. बाई आधी भयंकर चिडल्या, मग बाकीच्यांना तपासून औषधं देताना प्रत्येकाला दम भरू लागल्या. "ज्याची गोळी त्यानेच खायची! पुरा कोर्स!"

बाहेर आल्यावर रायबानेही आपलं व्याख्यान जोडलं. "एकबी गोळी मागं ठेवायची न्हाई. माजा अंगठा जात व्हता, ध्यानात ठेवा!"

"व्हय, व्हय. खरं हाय," सगळ्यांनी मनापासून माना डोलावल्या.

स्टँडवर एसटीला वेळ होता. गेनूने आपलं नवंकोरं पाकीट काढलं, मोजून चार गोळ्या फोडल्या आणि रायबाच्या हातावर ठेवल्या.

"आरं, ह्या कशाला?"

"तुज्या घेतल्या व्हत्या न्हवं? उसनं फेडाय नगं? आमी काय लोकाचं बुडवनारी मानसं हाय?"

धोंडाबाईने तिची एक ठेवली. तोवर बाळाबाईने पदराची गाठ सोडली होती.

"आन ह्या दोन आमच्या शेळीच्या. खोकल्याच्या हायत, पर घे गोड मानून."