पोकळ सिंहासन आणि गजरामावशीची पाठ

एका जंगलात कॉम्प्युटर आला. वीज मात्र अजून आली नव्हती. हसू नका बाळांनो, जंगलात हे असंच असतं. वायरीच्या टोकाला काजवे बांधले आणि काम भागवलं.

कॉम्प्युटर चालवायचा टकटकराव सुतारपक्षी. आयुष्यभर चोचीने झाडं पोखरून त्याचं डोकं दुखायचं. आता तो पडद्यावर एक भरीव ठोकळा काढायचा आणि ‘पोकळ करा’ हे बटण दाबायचा. कॉम्प्युटर दोनच गोष्टी विचारायचा. भिंत किती जाड ठेवू? आणि कुठली बाजू उघडी ठेवू? उत्तर दिलं की आतला सगळा माल गायब! मग उंदरांची टोळी ते चित्र बघून तशीच वस्तू लाकडात कोरायची.

टकटकरावाने हंडे केले, रांजण केले, हरणांना पाणी प्यायला घंगाळं केली. ‘कुठली बाजू उघडी?’ असं आलं की तो न बघताच वरची बाजू दाबायचा. हंड्याचं तोंड वरच असतं. त्यात बघायचं काय?

त्याच जंगलात गजरामावशी हत्तीण राहायची. दर दसऱ्याला महाराज दणकटसिंहांची मिरवणूक निघायची. सिंहासन सागाच्या अख्ख्या बुंध्यातून कोरलेलं, भरीव. त्यावर महाराज, तेही भरीव. आणि दोघं मावशीच्या पाठीवर. गेल्या दसऱ्याला तिच्या कण्यातून कट्ट असा आवाज आला.

वैद्य अस्वल म्हणाले, “मावशी, अजून एक दसरा असा गेला, तर पुन्हा उभ्या राहणार नाही तुम्ही.”

मला तर मावशीची फार दया येते. तुम्हालाही आली पाहिजे. ज्याला येत नसेल त्याने उठून पाणी पिऊन यावं.

मावशी टकटकरावाकडे गेली. म्हणाली, “बाबा रे, तेवढं सिंहासन हलकं करून दे. महाराज काही हलके व्हायचे नाहीत.”

“एवढंच ना मावशी? आत्ता करतो,” टकटकराव म्हणाला.

त्याने सिंहासन काढलं. भिंत किती? बोटभर. कुठली बाजू उघडी? चोच सवयीने वरच्या बाजूवर पडली. टक!

आता तुम्ही म्हणाल, कोणाच्या लक्षात कसं आलं नाही? अरे, त्या राज्यात महाराजांच्या आसनाकडे वरून बघणं हा गुन्हा होता. बघणाऱ्याची शेपटी छाटत. म्हणून टकटकरावाने चित्र समोरून पाहिलं, मागून पाहिलं, दोन्ही बाजूंनी पाहिलं. वरून नाही पाहिलं. शेपटी कोणाला नको असते? उंदरांनी मान खाली घालून कोरलं. माकडाने डोळे मिटून वर मखमल ताणून बसवली.

प्रधान तरसोपंतांनी विचारलं, “वजन?”

“पडद्यावर दहावा हिस्सा दाखवतंय, पंत.”

“वा! तशी दवंडी पिटा.”

दसरा उजाडला. दोन माकडांनी सिंहासन सहज उचलून मावशीच्या पाठीवर ठेवलं. मावशीच्या डोळ्यांत पाणी आलं. “अगं बाई! पाठीवर काही आहे की नाही?”

मग महाराज चढले. आयाळ झटकली. मिशीवरून पंजा फिरवला. आणि बसले.

आधी मखमल आत गेली. तिच्या मागोमाग महाराज गेले. चारी पंजे वर राहिले, मधे थोड्या मिश्या दिसत होत्या.

कोणी हसलं नाही. हसण्यालाही शिक्षा होती.

तरसोपंत घसा खाकरून म्हणाले, “आज महाराज आतून बसले आहेत.” टाळ्यांचा कडकडाट झाला.

पण प्रजेला दर्शन कसं द्यायचं? महाराजांना बाहेर काढावं तर चूक झाली हे कबूल केल्यासारखं होतं. म्हणून तरसोपंतांनी मखमलीखाली धोंडे सारायला लावले. एक धोंडा सारला की महाराज थोडे वर. अजून एक सारला, अजून थोडे वर. नाक दिसेपर्यंत सिंहासन धोंड्यांनी ठासून भरलं. महाराज मात्र त्यात पाचरीसारखे घट्ट बसले.

मावशीचे गुडघे वाकले. “काढा रे ते धोंडे! हे आधीपेक्षा जड झालं!”

तरसोपंतांनी मिरवणुकीत सोबत आणलेल्या कॉम्प्युटरच्या पडद्याकडे पाहिलं. “इथे तर दहावाच हिस्सा आहे.”

“अहो, पण धोंडे?”

“धोंडे चित्रात नाहीत, मावशी. चित्रात नसलेलं ओझं दुखत नसतं. आणि हो, ओझं दहावा हिस्सा झालं, तेव्हा आजपासून तुमचा ऊसही दहावा हिस्सा.”

कट्ट! मावशीच्या कण्यातून पुन्हा आवाज आला. तिला राग आला, बाळांनो. चांगला हत्तीचा राग. पण तिने कोणाला तुडवलं नाही. ती फक्त खाली बसली. सिंहासन घसरलं आणि महाराजांसकट झाडाखाली जाऊन टेकलं.

“मी नाही उठत,” मावशी म्हणाली. “ओझं पडद्यावर हलकं आहे ना? मग मलाही पडद्यावरच चालवा.”

तरसोपंत विचारात पडले. मग त्यांचा चेहरा उजळला. “उत्तम सूचना!”

टकटकरावाने खाली मान घालून पडद्यावर हत्तीण काढली. पाठीवर सिंहासन काढलं, त्यात महाराज काढले. तिघांनाही पोकळ केलं. हत्तीण अशी तुरुतुरु चालली की काय सांगू! प्रजेने कॉम्प्युटरवर फुलं उधळली.

“मला बाहेर काढा रे!” झाडाखालून डरकाळी आली.

“आवाज काय घुमतोय!” प्रजा पडद्याकडे बघत म्हणाली. “अगदी समोर असल्यासारखा!”

सगळ्यांचे डोळे पडद्यावर होते. मावशीने स्वागताच्या कमानीला बांधलेला ऊस सोंडेने हळूच सोडवला आणि सगळाच्या सगळा खाल्ला. वैद्य म्हणतात, आता पाठ एकदम ठणठणीत आहे.

आणि महाराज? ते अजून तिथेच आहेत. पण वरून बघायला बंदी आहे. त्यामुळे ते कोणाला दिसत नाहीत.

तात्पर्य : वस्तू कुठून उघडी राहिली आहे हे बघण्याच्या भानगडीत पडू नये, आपली शेपटी सांभाळावी. आणि पाठ दुखली की खुशाल खाली बसावं. राज्य काय, पडद्यावर चालतंच.