आत्याबाई जिना चढल्या

संवर्धन केंद्रातला पंप बंद पडला तेव्हा बाई गुडघाभर पाण्यात उभ्या राहून टाकीतला गाळ उपसत होत्या. सरकारी भाषेत त्या पर्यवेक्षक मत्स्यशास्त्रज्ञ होत्या. म्हणजे त्यांच्या हाताखाली बरीच माणसं आहेत, असं कागदावर होतं. प्रत्यक्षात त्यांच्या हाताखाली एक पंपवाला होता आणि त्याच्या हाताखाली पंप. त्यातला पंप आता गेला होता.

"काय झालं रे?"

"पंपाला धाड भरलेली नाही, बाई. वीजच तोडलीय आपली."

"कुणी?"

"बांधकामवाल्यांनी. संध्याकाळी जिन्याचं उद्घाटन ना! रोषणाईला वीज कमी पडत होती, म्हणून आपली लाइन तिकडे जोडून घेतली."

जिना म्हणजे माशांचा जिना. नदीवर बंधारा बांधला तेव्हा अंडी घालायला मासे वर कसे जाणार, हा प्रश्न कुणालाच पडला नव्हता. तो बंधारा झाल्यावर पडला. मग संचालक साहेबांनी बंधाऱ्याच्या कडेने सिमेंटच्या पायऱ्या बांधून घेतल्या, वरून पाणी सोडलं आणि त्याला जिना म्हटलं. पायऱ्या अशा उंच होत्या की चढायचं तर माशाला पाय आणि कठडा दोन्ही हवे होते. बाईंनी तसं वारंवार कळवलं. साहेबांचं उत्तर आलं, "मासे शिकतील."

जिन्याच्या शेवटच्या पायरीवर एक चौकट बसवली होती. केंद्रातल्या प्रत्येक माशाच्या पाठीत बाईंनी तांदळाच्या दाण्याएवढी काचेची चिप घातलेली होती. चिपवाला मासा चौकटीजवळून गेला की यंत्र 'टुंग' करायचं आणि पडद्यावर त्या माशाचं नाव यायचं. आजवर ते टुंग झालं नव्हतं.

आता केंद्रातले मासे म्हणजे किती, तर तीन नर आणि आत्याबाई. आत्याबाईला मिशा असत्या तर काका म्हटलं असतं, असं लोक म्हणतात. या आत्याबाईंना चांगल्या चार मिशा होत्या, पण त्यांना काका म्हणायची कुणाची छाती नव्हती. ती त्या जातीची उरलेली एकमेव मादी होती. अंगाने थोराड, स्वभावाने खाष्ट. बाईंच्या सोडून दुसऱ्या कुणाच्या हातचं खायची नाही. तिन्ही नर तिला पाहून कोपऱ्यात जाऊन बसायचे. कैक वर्षांच्या खटपटीनंतर यंदा पहिल्यांदा तिच्या पोटात अंडी धरली होती. बाईंच्या सगळ्या नोकरीचं जे काही चीज व्हायचं होतं ते त्या पोटात होतं. त्यांच्या घरी लग्नापासून मासा शिजला नव्हता. नवरा कँटीनमध्ये खाऊन यायचा आणि दात घासून मगच घरात शिरायचा.

"बॅटरीवरचा छोटा पंप आहे तो नरांना लाव," बाई म्हणाल्या. "तेवढी हवा त्या तिघांना पुरेल. आत्याबाईंना नाही पुरायची. त्यांना विश्रामगृहावर नेते, तिथे जनरेटर आहे."

विश्रामगृह नदीकाठीच होतं आणि जनरेटर तिथे संचालक साहेबांच्या वातानुकूलनासाठी आणला होता. दुपारी ते जेवायला यायचे होते आणि पुढे तीन दिवस त्यांचा मुक्कामही तिथेच होता. त्यावरून सकाळीच बाईंची आणि साहेबांच्या सहायकाची फोनवर खडाजंगी झाली होती.

"मॅडम, साहेबांना जेवणात ताजा मासा लागेल. तुमच्याकडून पाठवून द्या."

"आमच्याकडे चार आहेत."

"मग पुरतील की. जेवायला चौघंच आहेत."

"अहो, इथले मासे खायचे नसतात!"

"मग पाळता कशाला?" सहायकाने मनापासून विचारलं. बाईंनी फोन आपटला. सहायकाने आपण निरोप दिला असं वहीत लिहून टाकलं आणि विश्रामगृहाच्या आचाऱ्यालाही कळवलं, की मासा बाईंकडून येतोय, तू बाजारात जाऊ नकोस. बाई नाही म्हणाल्या ही क्षुल्लक गोष्ट कुणालाच कळवायची राहिली.

धडधाकट मासा हलवायचा तर त्याला आधी गुंगी द्यावी लागते. नाहीतर तो भीतीने धडपडून जीव देतो. गुंगीसाठी सगळे मत्स्यशास्त्रज्ञ लवंगेचं तेल वापरतात. बाईंनी पाण्यात मोजके थेंब टाकले, आत्याबाई हळूहळू कलंडल्या, मग त्यांना थर्माकोलच्या पेटीत थंड पाण्यात निजवलं, वर बर्फाचे चार तुकडे टाकले आणि पेटी पोटाशी धरून बाई विश्रामगृहावर पोचल्या. न्हाणीघरातला टब साहेबांसाठी घासून ठेवला होता, त्याला हात लावायला रखवालदार तयार होईना. राहता राहिलं स्वयंपाकघर. तिथे प्लग असा एकच होता. बाईंनी हवेच्या पंपाची पिन त्यात खुपसली, नळी पेटीत सोडली आणि आत्याबाईंच्या कल्ल्यांची उघडझाप पाहत बसल्या. आचारी भाजी आणायला गेला होता. तो येईपर्यंत थांबावं, असं त्यांच्या मनात होतं.

तेवढ्यात फोन वाजला. साहेब जिन्यापाशी येऊन उभे होते आणि बाई कुठे आहेत म्हणून विचारत होते. नळी लावलेल्या जिवंत माशाला कोण हात लावणार, असं म्हणून बाई धावत सुटल्या.

आचारी परतला. त्याला वाटण वाटायचं होतं आणि मिक्सर लावायला प्लग एकच. त्याने कसल्याशा पंपाची पिन काढून मिक्सरची घातली. मग त्याचं लक्ष पेटीकडे गेलं. बर्फ, थंड पाणी, त्यात उताणा पडलेला दांडगा मासा आणि सगळीकडे लवंगेचा घमघमाट. निरोप तर होताच. आचाऱ्याला बाईंचं कौतुक वाटलं. एवढ्या शिकलेल्या बाई, पण मासा नुसता धाडला नाही, मसाला लावून धाडला.

जेवणाच्या टेबलावर बाईंना साहेबांच्या समोरच बसवलं होतं. त्या डाळभाताशी खेळत होत्या आणि मधल्या दाराकडे बघत होत्या. दाराआड आपल्या आत्याबाई आहेत, आता शुद्धीवर आल्या असतील, एवढंच त्यांच्या डोक्यात होतं.

"मॅडम, तुम्ही मासा घेत नाही?" साहेबांनी तोंड भरलेलं असतानाच विचारलं.

"नाही."

"कमाल आहे. हलवाई मिठाई खात नाही, तसं म्हणायचं." साहेब खूश होते. "आणि आत भरपूर गाबोळी निघालीय! आचाऱ्याने ती वेगळी तळलीय, बघा." मग ते थांबले, घशाशी हात नेला, पाणी प्यायले. "एक काटा जरा जाड लागला. गेला खाली."

गाबोळी म्हणजे माशाची अंडी. हा शब्द कानावर पडूनही बाईंच्या डोक्यात प्रकाश पडला नाही. जे घडूच शकत नाही असं माणूस धरून चालतो, ते ताटात वाढलं तरी त्याला दिसत नाही. त्या उठल्या आणि हात धुवायच्या निमित्ताने स्वयंपाकघरात गेल्या. पेटी धुऊन भिंतीला उपडी लावली होती.

"आवडला का साहेबांना?" आचाऱ्याने विचारलं.

बाईंनी उपडी पेटी उचलून आत पाहिलं.

"मसाला झकास लावला होता तुम्ही. नुसतं मीठ कमी होतं, ते मी घातलं."

बाई ओट्याला धरून खाली बसल्या. आचारी घाबरला. त्याने पाणी आणलं, वारा घातला, आणि थोड्या वेळाने सगळं कळल्यावर तोही बाईंच्या शेजारी फरशीवर बसला. "माझी दोन पोरं शिकतायत, बाई," एवढंच तो परत परत म्हणत राहिला. त्याला शिव्या द्याव्यात असं बाईंना फार वाटत होतं. पण पेटी स्वयंपाकघरात ठेवली होती त्यांनीच.

संध्याकाळी जिन्यावर रोषणाई झळकली. केंद्राची वीज तिथे छान प्रकाश देत होती. खुर्च्या भरल्या होत्या, मोठा पडदा लावला होता. साहेबांनी फीत कापली, भाषण केलं, निसर्ग हा माणसाचा सखा आहे असं सांगितलं आणि फोटोवाल्याने सुचवलं म्हणून शेवटच्या पायरीवर पाण्यात डोकावून बघायला वाकले. वाकताना त्यांचं पोट चौकटीला टेकलं.

टुंग.

पडद्यावर मोठ्ठी अक्षरं उमटली: आत्याबाई.

टाळ्यांचा पाऊस पडला. "चढली! चढली!" पंपवाला खुर्चीवर उभा राहून ओरडला. त्याला बिचाऱ्याला काहीच माहीत नव्हतं, त्याचे डोळे भरून आले होते. साहेबांनी आनंदाने हात वर केले, पुन्हा वाकून पाहिलं, आणि पुन्हा टुंग झालं. लोकांना वाटलं, आत्याबाई मानवंदना देतायत.

गर्दी पांगल्यावर बाईंनी साहेबांना मंडपामागे गाठलं.

"साहेब, चौकटीपाशी मासा नव्हता."

"मग कोण होतं?"

"तुम्ही होतात. दुपारचा तो जाड काटा म्हणजे चिप होती."

साहेबांचा हात आपसूक पोटावर गेला. चेहरा उतरला. "अपाय तर नाही ना काही?"

"नाही. दोन दिवसांत बाहेर पडेल."

"मग झालं तर!" साहेबांनी सुटकेचा श्वास सोडला.

"झालं कसं? ती शेवटची मादी होती. अंड्यांसकट गेली. जात संपली, साहेब."

"संपली कशी म्हणता? आत्ताच सगळ्यांनी तिला जिना चढताना पाहिलंय." मग साहेबांनी आवाज उतरवला. तो आवाज एकदम घरच्यासारखा झाला. "मॅडम, मी मासा मागितला, तो ताटात आला, मी खाल्ला. यात माझं काय चुकलं? पण संरक्षित मासा लवंगतेल लावून स्वयंपाकघरात कुणी नेऊन ठेवला, ही चौकशी लागली तर? आधी तो आचारी जाईल. मग तुम्ही. मग केंद्राची बदनामी. बघा बुवा, सत्य तुमचं आहे. सांगायचं तर सांगा."

बाईंनी सांगितलं नाही. त्या रात्रभर स्वतःला लाख शिव्या देत बसल्या. नवऱ्याने सगळं ऐकून घेतलं, बराच वेळ त्यांच्या पाठीवरून हात फिरवला आणि शेवटी न राहवून विचारलं, "कसा लागला म्हणत होते साहेब?" त्यानंतर आठवडाभर घरात बोलणं बंद होतं.

पुढचं सगळं रीतीप्रमाणे झालं. मासे आता आपले आपण जिना चढतात, तेव्हा पैदास केंद्राची गरज उरली नाही, असा आदेश आला. केंद्राला टाळं लागलं. तिन्ही नरांना जिन्याखाली नदीत सोडलं. ते अजून जिन्याखालीच आहेत. बाईंना बढती मिळाली आणि आणखी नद्यांवर असेच जिने बांधायचं काम त्यांच्या गळ्यात पडलं. तेवढ्यात वरच्या कचेरीने विचारणा केली, की चढून गेलेली मादी सध्या कुठे वास्तव्याला आहे, ते नकाशावर दाखवा.

"ठिपका हवाय त्यांना," साहेब म्हणाले. "द्या एखादा."

खोटा ठिपका द्यायला बाईंचा हात धजेना. एवढं सगळं गिळलं, पण नकाशावर खोटं लिहायचं म्हणजे त्यांच्या अंगावर काटा आला. त्या चिप ओळखणारं, हातात धरायचं छोटं यंत्र घेऊन निघाल्या. नदीकाठी काही वाजलं नाही. वाजणार नव्हतंच. विश्रामगृहाच्या मागे, संडासाच्या टाकीच्या झाकणापाशी यंत्र टुंग झालं. बाई तिथे उकिडव्या बसल्या आणि त्यांनी अगदी अचूक ठिपका दिला.

महिना गेला तरी ठिपका हलला नाही. वरच्या कचेरीला हे फार आवडलं. मादी स्थिरावली, असा निष्कर्ष निघाला आणि ती जागा संरक्षित करायचा प्रस्ताव आला. साहेबांनी ठिपका पाहिला, जागा ओळखली, आणि चेहऱ्यावरची सुरकुती न हलवता सही केली.

पुढे एकदा कामानिमित्त बाई त्या बाजूला गेल्या. टाकीभोवती लोखंडी कुंपण होतं, पाटी होती: 'संरक्षित अधिवास. मासे पकडण्यास सक्त मनाई.' डोक्यावर मोठा दिवा भर दुपारी जळत होता. दाराशी गणवेशात पंपवाला उभा होता. केंद्र बंद झाल्यावर त्याला इथे पहारेकरी नेमलं होतं. त्याने बाईंना सलाम ठोकला.

"खरं सांगू का बाई," तो हळूच म्हणाला, "मला तर इथे पाणीच दिसत नाही. वास तेवढा येतो."

बाईंनी रुमाल नाकाला लावला. त्या कुंपणाकडे बघत राहिल्या. केंद्राला असं कुंपण मिळावं म्हणून त्यांनी किती खेटे घातले होते. मग त्यांची नजर दिव्याकडे गेली आणि सवयीने तोंडून प्रश्न गेला,

"वीज जाते का रे इथली?"

"छे हो!" पंपवाला अभिमानाने म्हणाला. "आत्याबाईंसाठी वेगळी लाइन टाकून दिलीय. एक मिनिटसुद्धा जात नाही."