ओकच्या झाडाखालचं दूध

हिवाळा लागतानाच साताऱ्यात गुरुदत्तची आई वारली आणि त्याला जाता आलं नाही. तेव्हापासून अमेरिकेतल्या नेपरव्हिलच्या त्या घरात कोणी धड बोललं नव्हतं. गुरुदत्त ऑफिसला जायचा, यायचा, जेवायचा आणि खिडकीतून बर्फ बघत बसायचा. बायकोने, सुनेत्राने काहीही विचारलं की म्हणायचा, "हं." एकदा तिने विचारलं, "भाजी खारट झालीय का?" तरी "हं." त्या दिवशी भाजीत मीठ घालायचंच राहिलं होतं.

मार्चमध्ये लायब्ररीतल्या बाईंनी तिचा चेहरा बघून एक हलकीफुलकी कादंबरी तिच्या हातात ठेवली. गोष्ट वेल्समधली. तिच्यात झाडांशी गप्पा मारणारी एक वेंधळी चेटकीण होती आणि डोंगरात राहणारी बुटकी माणसं. दुःखी घरामागच्या ओकखाली दूध ठेवलं की ती येतात, दूध पितात आणि जाताना घरातलं दुःख उचलून नेतात.

सुनेत्रा केमिस्ट्रीची एम.एस्सी. होती. तिचा असल्या गोष्टींवर काडीचा विश्वास नव्हता. तरी मागच्या अंगणातल्या ओकखाली तिने वाटीभर दूध ठेवलं. नैवेद्य दाखवायला विश्वास लागतोच असं नाही.

सकाळी वाटी लख्ख होती. तिने एडिसन गावातल्या मैत्रिणीला, रुपालीला फोन लावला.

"अगं, दूध संपलं!"

"कुठलं तरी जनावर असेल, यार. तू एम.एस्सी. ना?"

"त्यांना नुसतं दूध पुरत असेल का गं?"

"मग शिरा दे, साजूक तुपातला!" रुपाली हसत सुटली.

सुनेत्राने शिरा दिला. वेलची घालून. रोज. पाहुण्यांना तो इतका आवडला, की त्यांनी ओकपर्यंतची ये-जा कमी करून थेट घरामागच्या लाकडी डेकखालीच मुक्काम ठोकला.

रविवारी खिडकीतून बघता बघता गुरुदत्त अचानक बोलला. कित्येक महिन्यांतलं पहिलं अख्खं वाक्य.

"डेकखाली मांजर आहे. गारठून मरेल बिचारं."

आणि तो सपाता घालून बाहेर गेलासुद्धा. "ये मने, ये," म्हणत वाकला. त्याचा तो मऊ आवाज ऐकून सुनेत्राला भरून आलं. ती दारात आली, तेव्हा तिला काळ्या पाठीवरचा पांढरा पट्टा दिसला आणि वर उठलेली शेपटी.

"अहो, ते मांजर नाही! स्कंक आहे!"

"हं," म्हणून गुरुदत्त आणखी वाकला.

पुढच्या क्षणी स्कंकने शेपटीखालून फवारा मारला आणि सगळं अंगण सडलेल्या लसणासारखं आणि जळक्या टायरसारखं घमघमू लागलं. रुपालीने फोनवरून टोमॅटोच्या रसाचा उपाय सांगितला. गुरुदत्त बाथटबमध्ये लालभडक रसात गळ्यापर्यंत बसला.

"तिथे शिरा कोणी ठेवला होता?" त्याने आतून विचारलं.

सुनेत्राने बंद दाराबाहेर बसून त्याला वेल्सची सगळी गोष्ट सांगितली. मग आतून प्रश्न आला.

"आणि ते दुःख नेतात कुठे?"

"ते पुस्तकात दिलेलं नाही."

टोमॅटोचा काही उपयोग झाला नाही. सोमवारी ऑफिसला गेलेला गुरुदत्त दुपारच्या आत परतला आणि कोट न काढता दारातच उभा राहिला.

"बॉसने घरी पाठवलं. कॉरिडॉरच्या त्या टोकावरून ओरडला, दोन आठवडे येऊ नकोस! म्हणाला, प्रोजेक्टची काळजी करू नकोस." तो थांबला. "आई गेली तेव्हा याच माणसाने एक दिवस दिला होता. प्रोजेक्ट आहे म्हणाला."

आणि तो हसायला लागला. हसत हसत भिंतीला टेकून खाली बसला. ते हसणं रडण्यात कधी बदललं, हे दोघांनाही कळलं नाही. सुनेत्रा त्याच्याजवळ बसली. नाकावर धरलेला रुमाल तिने काढला आणि त्याला डोळे पुसायला दिला.

खूप वेळाने तो म्हणाला, "साताऱ्याला जाऊन येऊ या?"

"येऊ या ना," सुनेत्रा म्हणाली. "पण अहो, आपल्याला विमानात घेतील का?"