न हलणारा माल

"तीस हजार पुस्तकं सांभाळली आहेत मी! तुमचे पुतळे काय, डोळे मिटून मोजीन!"

हे वाक्य जावईबापूंच्या तोंडून निघालं आणि त्यांना स्वतःलाच घाम फुटला. निवृत्त ग्रंथपाल माणूस. उभ्या जन्मात 'शांतता राखा' या पाटीपेक्षा मोठा आवाज कधी केला नव्हता. पण प्रसंगच तसा होता. कपड्यांच्या दुकानांत उभे करतात ते पुतळे विकायचा सासऱ्यांचा धंदा आता मेहुणा चालवत होता, आणि गोदामात काय आहे, किती आहे, कुणालाच पत्ता नव्हता. गिऱ्हाइकाने बाई मागितली की पुरुष निघायचा, पुरुष मागितला की नुसते पाय! लग्नाला इतकी वर्षं झाली, पण सासरी जावईबापूंना कुणी काम सांगितलं ते हे पहिलंच. सासरे तर "बसा" आणि "निघालात?" याखेरीज त्यांच्याशी तिसरा शब्द बोलले नव्हते.

"जमलं तर गोदाम कायमचं तुमच्याकडे, भावजी," मेहुणा म्हणाला. "नाहीतर कॉम्प्युटरवाल्याला बोलावतो. आणि जो माल हलत नाही ना, त्याच्यावर लाल चिठ्ठी चिकटवा. निम्म्या किमतीत काढून टाकू."

"आणि हलला तर?"

"हलला तर उत्तमच की!"

जावईबापूंनी वाचनालयाची पद्धत लावली. उभे पुतळे वेगळे, कुणी मागत नसलेले बसलेले वेगळे. सगळ्यांची तोंडं भिंतीकडे, म्हणजे पुस्तकाच्या पाठीसारखी मान समोर आणि चिठ्ठी लावायची ती मानेवर. धूळ बसू नये म्हणून खांद्यांवर पांढऱ्या चादरी. काम झाल्यावर त्यांनी दारातून पाहिलं मात्र, आणि ते दोन पावलं मागेच सरले. एका मिणमिणत्या दिव्याखाली टकलांची रांग, एखाद्या वाचनालयात सगळे वाचक एकदम गप्प व्हावेत तशी! खुंट्यांना टांगलेले सुटे हात पंख्याच्या वाऱ्याने सावकाश डोलत होते. ते 'या' म्हणत होते की 'जा' म्हणत होते, काही कळत नव्हतं.

बसलेले पुतळे त्यांनी दारातूनच मोजले. अकरा. दुपारी खात्री करून घ्यावी म्हणून पुन्हा मोजले.

बारा!

चष्मा पुसला. बारा! संध्याकाळी मोजले, तर अकरा. दुसऱ्या दिवशीही तेच. सकाळी अकरा, दुपारी बारा. पुस्तक हरवतं हे त्यांना ठाऊक होतं; पण जेवणानंतर एक पुस्तक आपण होऊन येतं आणि चहाच्या वेळी निघून जातं, असं त्यांच्या नोकरीत कधी घडलं नव्हतं. मेहुण्याला सांगावं तर तो म्हणणार, "झेपत नसेल तर राहू द्या हो भावजी!"

तिसऱ्या दिवशी दुपारी मेहुणाच आला.

"शिंपीदादा आलेत, त्यांना स्वस्तातला पुतळा हवाय. चिठ्ठ्या लावल्या का?"

"लावतोच आहे," जावईबापू म्हणाले आणि आत शिरले. त्याच क्षणी वीज गेली!

आता मागे फिरलं तर गोदाम गेलं! ते चाचपडत रांगेमागून निघाले. गार मान, चिठ्ठी. गार मान, चिठ्ठी. गार मान... आणि मग एक मान लागली, ती कोमट!

जावईबापूंनी हात मागे घेतला. ऊन पडत असेल, त्यांनी मनाला समजावलं. गोदामाला खिडकीच नाही, हे मनाने त्यांना लगेच ऐकवलं. पण हात ठरल्याप्रमाणे पुढे गेला आणि चिठ्ठी चिकटली. अंधारात कुणीतरी अगदी हळू श्वास सोडला.

एवढ्यात शिंपीदादा धडपडत आत आले.

"आतून पोकळ तर नाही ना, बघू!" असं म्हणत त्यांनी हाताशी आलेल्या टकलावर टकटक केली.

"कोण आहे?" टक्कल म्हणालं.

शिंपीदादा किंचाळत बाहेर पळाले ते एक सुटा हात छातीशी धरूनच! जावईबापूंना मात्र पळताही येईना. त्या घडीला गोदामात खरोखर न हलणारा माल एवढा एकच होता!

वीज आली. बारावा पुतळा चादर सावरत उभा राहिला. सासरे!

"घरात दुपारभर टीव्ही बोंबलत असतो," ते म्हणाले. "मागच्या दाराने येऊन इथे डुलकी काढतो. ही मंडळी बोलत नाहीत." मानेला काहीतरी टोचलं म्हणून त्यांनी चिठ्ठी काढली, लांब धरून वाचली. "हलत नाही. निम्म्या किमतीत द्यावा."

जावईबापूंना धरणीने पोटात घेतलं असतं तर बरं वाटलं असतं!

"मोजणी?" सासऱ्यांनी विचारलं.

"ज...जुळली. एक तुम्ही वजा."

सासऱ्यांनी हातातली चिठ्ठी पुन्हा एकदा वाचली. मग जवळ येऊन त्यांनी पाठीवर थाप मारली, चांगली दाबून. "पद्धत उत्तम आहे, जावईबापू. गोदाम तुमचं."

जावईबापूंचे डोळे भरून आले. छाती काढून ते भर बाजारातून घरी निघाले. माणसं वळून वळून बघत होती, हसत होती. पद्धतीचा बोलबाला इतक्यात झालासुद्धा!

घरी चपला काढायला ते वाकले, तोच बायकोने मागून विचारलं, "अहो, सगळा बाजार फिरून आलात, आणि निम्म्या किमतीतही कुणी घेतलं नाही?"