मालतीबाईंचं कर्म

मालतीबाईंच्या दारावर थाप मारून नुसतं "मी" म्हटलं, तर दार उघडत नसे.

आतून प्रश्न यायचा, "हू इज इट?" शाळेत नवीन लागले तेव्हा मी मोठ्या ऐटीत सांगितलं, "इट इज मी."

"इट इज आय!" आतून आवाज आला. कडी काही निघाली नाही. मी मुकाट्याने दुरुस्ती केली, तेव्हा निघाली.

शनवाऱ्यातल्या त्या गल्लीत हे सगळ्यांच्या अंगवळणी पडलं होतं. दूधवाला "इट इज आय बाईजी, दूध ले लो" म्हणून मोकळा व्हायचा. भाजीवाली मात्र खानदेशातली. ती बापडी "मी शे माय, भाजीवाली!" असं ओरडत उन्हात उभी राहायची. शेवटी वैतागून "इटीजाय! इटीजाय!" म्हणायला शिकली, आणि गल्लीत बाईंचं नावच इटीजायबाई पडलं. बाईंना ते ठाऊक होतं. "नाव कसंही ठेवा," त्या म्हणायच्या, "व्याकरण तर बरोबर आहे ना?"

मुलींच्या सरकारी शाळेत बाई आणि मी इंग्रजी शिकवायचो. त्या पन्नाशीच्या, एकट्या. मी चोविशीची. पोरींच्या सगळ्या चुकांचं मूळ बाईंच्या मते एकच होतं. "मराठीतला मी कर्ता, इंग्रजीतला मी कर्म. उच्चार तोच, नशीब वेगळं. पोरी फसणार नाहीत तर काय!"

यावर त्यांचा उपाय म्हणजे धक्का. वर्गात दोघींना समोरासमोर उभं करायचं आणि एकीने दुसरीला हलकेच ढकलायचं. "ढकलते ती आय. ढकलली जाते ती मी. कळलं?" एकदा एका दणकट मुलीने व्याकरण इतकं मनावर घेतलं, की कर्म थेट फळ्याखाली जाऊन पडलं. दुसऱ्या दिवशी पडलेल्या मुलीचे वडील हजर. "बाईजी, मेरी लडकी को धक्का क्यों दिलवाया?"

बाईंनी मुलीलाच पुढे केलं. "सांग वडिलांना, काय झालं ते."

पोरगी कोपर चोळत म्हणाली, "शी पुश्ड मी."

बाईंचा चेहरा उजळला. "ऐकलंत? मी म्हणाली! आय नाही म्हणाली!"

वडील मुलीला घेऊन गेले.

मग नवं मध्य प्रदेश राज्य झालं. आमचे कागद आधी नागपूरला जायचे, ते भोपाळला जाऊ लागले. ठिकठिकाणच्या शिक्षकांच्या याद्या एकत्र करणं सुरू झालं आणि एक दिवस पत्र आलं, की तुमच्याकडे इंग्रजीच्या दोन शिक्षिका आहेत, त्यांतल्या एकीला दूर झाबुआला पाठवायचं आहे. आमच्या मुख्याध्यापिकांनी दोघींनाही आपापलं म्हणणं लिहून द्यायला सांगितलं.

माझ्या घरी लोधीपुऱ्यात दम्याने बेजार सासू, सात महिन्यांची लेक, नवऱ्याची नोकरी नेपानगरला. त्यात मी कनिष्ठ. म्हणजे जाणार मीच. बाई या विषयावर चकार शब्द बोलल्या नाहीत. स्टाफरूममध्ये माझ्यासमोर बसून वह्या तपासत राहिल्या. मला त्यांचा रागच आला.

त्या आठवड्यात कारकून रजेवर होता, म्हणून मुख्याध्यापिकांनी फाइल लावायचं काम माझ्याकडे दिलं. त्यात बाईंच्या अर्जाची नक्कल होती आणि चुकून मागे टाचलेला कच्चा खर्डाही. खर्ड्यात शेवटचं वाक्य होतं, "द स्कूल नीड्स हर मोअर दॅन आय." त्यातलं "आय" खोडून वर लाल पेन्सिलीने "मी" केलेलं.

मराठीत "शाळेला माझ्यापेक्षा तिची गरज जास्त" म्हटलं की काम भागतं. इंग्रजीत नेमकं ठरवावं लागतं. "दॅन मी" म्हणजे, शाळेला माझी जेवढी गरज आहे, त्याहून तिची जास्त. थोडक्यात, तिला ठेवा, मला पाठवा. जिच्यावर मी आठ दिवस चरफडत होते, ती माझ्याऐवजी झाबुआला निघाली होती.

आणि ते खोडलेलं "आय"? आधी वाटलं, घाईत चूक झाली असेल. पण चूक, आणि तीही बाईंच्या हातून? मी वाक्य मनात पुरं करून पाहिलं. "दॅन आय" म्हणजे, मला तिची जेवढी गरज आहे, त्याहून शाळेला जास्त. वाक्यात चूक नव्हतीच.

पंधरा दिवसांनी भोपाळहून उत्तर आलं. शाळेत नवीन तुकडी मंजूर झाली होती आणि दोन्ही शिक्षिका इथेच राहणार होत्या. मुख्याध्यापिकांनी ते वाचून दाखवलं आणि मी पदराने डोळे पुसत हसत सुटले. बाईंनी फक्त चष्मा काढून पुसला. दोनदा पुसला.

शाळा सुटल्यावर त्यांच्याबरोबर खोलीवर गेले. आत पाऊल टाकलं आणि थबकले. वळकटी दोरीने आवळलेली, ट्रंक भरलेली, भिंतीवरचं कॅलेंडरसुद्धा उतरवलेलं.

"बाई, मी खर्डा पाहिला," मी धीर करून म्हटलं. "खोडलेलं आय चुकीचं नव्हतं."

"नव्हतंच चुकीचं." त्या स्टोव्हला पिन करत होत्या, मान वर न करता बोलल्या. "पण ऑफिसला ते कशाला सांगायचं?"

स्टोव्ह पेटला. आधण ठेवून झाल्यावर त्या म्हणाल्या, "पोरीजवळ कोणी आहे ना? मग बैस की जरा. चहा घेऊन जा."

बाहेर कप एकच होता. दुसरा ट्रंकेच्या अगदी तळाशी, लुगड्यात गुंडाळून ठेवलेला. तो काढायचा तर सगळं सामान उपसावं लागणार होतं. बाईंनी पदर खोचला, जमिनीवर बसल्या आणि एकेक वस्तू बाहेर काढायला लागल्या.