कुलदैवताच्या रकान्यात तिघे

जी गोष्ट आपल्याला समजत नाही ती घरात घेऊ नये, हा नियम माणसाने फार पूर्वी केला असावा. विजेच्या बाबतीत तो सोयीसाठी मोडला गेला आणि जावयांच्या बाबतीत नाइलाजाने. सहकारी गृहसंस्थांनी मात्र तो अजून निष्ठेने पाळला आहे.

सुरतेतल्या आमच्या 'स्नेहवर्धक मराठी सहनिवास' या संस्थेचा मी नऊ वर्षे चिटणीस होतो. खोल्या तेरा, बिऱ्हाडे बारा. शिक्षक पाच, बँकेतले तीन, सरकारी नोकर तीन आणि विमा एजंट एक (यांना जिन्यात सगळे टाळत). परमुलखात मराठी माणसाला हक्काचे छप्पर मिळावे, एवढाच संस्थेचा हेतू होता. नियमावलीत जातिधर्माचा उल्लेखही नव्हता. 'मराठी बोलणारी कोणतीही सुशिक्षित व शांत व्यक्ती' खोलीसाठी पात्र होती. हे वाक्य आमचे अध्यक्ष, निवृत्त मुख्याध्यापक मधुकरराव सबनीस, यांनी स्वतः लिहिले होते. दर एक मेला ते मोठ्याने वाचून दाखवत.

अडुसष्टच्या पुरात नदीकाठची पुष्कळ घरे पाण्याखाली गेली. त्यात मिशनच्या दवाखान्यातल्या परिचारिका एस्तेर साळवे यांची खोलीही गेली. बाई मूळ नगरच्या. लग्न केलेले नव्हते. सोबत सत्तरीची आई होती आणि ती गुडघ्यांनी अधू झालेली. दवाखान्याने व्हरांड्यात एक खाट दिली. बाई कामावर असल्या की आई निजे, बाई परतल्या की आई स्टुलावर बसे.

आमची नऊ नंबरची खोली रिकामी होती. साळवेबाई चौकशीला आल्या तेव्हा मधुकरराव त्यांच्या मराठीवर इतके खूश झाले, की त्यांनी 'ण' आणि 'न' यांवर अर्धा तास भाषण केले आणि अर्ज हातात ठेवला.

अर्जात अकरावा रकाना होता: 'कुलदैवत (एकच लिहावे)'. हा रकाना कोणी आणि का घातला हे कोणालाच आठवत नव्हते. बाईंनी त्यात सुवाच्य अक्षरात लिहिले: 'पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा'.

कार्यकारिणी चिंतेत पडली. बाई ख्रिस्ती आहेत ही चिंता नव्हती. (तसे आम्ही इतिवृत्तात दोनदा नोंदवले.) अडचण एवढीच, की रकाना एकाचा होता आणि नावे तीन होती. मी बाईंना एक ठेवून दोन खोडण्याची विनंती केली.

"खोडायचं कुणाला?" बाई म्हणाल्या. "तिघं मिळून एकच आहेत."

"मग एकच नाव लिहा."

"एकच आहेत, पण तिघं आहेत."

मी अर्जावर 'खुलासा हवा' असा शेरा मारला. आमच्या जागी दुसरी संस्था असती तर तिने अर्ज फाडून टाकला असता. आम्ही सुशिक्षित होतो, म्हणून आम्ही उपसमिती नेमली. तिच्यात मधुकरराव, बँकेतले जयंतराव आणि मी. काम एकच: ख्रिस्ती लोकांचे त्रैक्य समजून घेणे. मुदत एक महिना.

बैठका दर गुरुवारी, कार्यालयातली दत्ताची आरती आटोपल्यावर, पेढा खाऊन भरत. साळवेबाई दवाखान्यातली पाळी संपवून पायी येत. पहिल्या बैठकीत मधुकरराव म्हणाले की हे सोपे आहे. ते स्वतः शाळेत मुख्याध्यापक, घरी वडील आणि सासुरवाडीला जावई होते. माणूस एक, नाती तीन. बाईंनी नम्रपणे मान हलवली. तसे नाही म्हणाल्या. मुख्याध्यापक जावयाशी बोलत नाही; आमचा पुत्र पित्याशी बोलतो, त्याला हाक मारतो.

दुसऱ्या बैठकीत जयंतरावांनी एकत्र कुटुंब सुचवले: तीन भाऊ, चूल एक. बाई म्हणाल्या, मग देव तीन झाले. तिसऱ्या बैठकीत मी सुरतेची जरतार पुढे केली. आत रेशीम, त्यावर रुपेरी तार, वर सोन्याचा मुलामा, आणि तिन्ही मिळून एक धागा. हा दाखला मला स्वतःला फार आवडला होता. बाई म्हणाल्या, नुसत्या रेशमाला कोणी जरतार म्हणत नाही, पण यातला प्रत्येक जण पूर्ण देव आहे. चौथ्या बैठकीत जयंतरावांनी पित्याला कायम नोकरीत घेतले, पुत्राला बढतीवर ठेवले आणि पवित्र आत्म्याला हंगामी जागा दिली. तेही चालले नाही.

शेवटी बाईंनी आपल्या पाळकांची चिठ्ठी आणली. तीत लिहिले होते, की उपसमितीने काढलेल्या चारही कल्पना फार जुन्या काळीच निघाल्या असून, त्या मांडणाऱ्यांना चर्चने बाहेर घालवले होते. म्हणजे जी पाखंडे काढायला ख्रिस्ती जगाला काही शतके लागली, ती आम्ही चार गुरुवारांत पूर्ण केली. (मराठी माणूस परमुलखात मागे पडतो म्हणणाऱ्यांनी याची नोंद घ्यावी.) चिठ्ठीच्या तळाशी पाळकांनी एक प्रामाणिक ओळ लिहिली होती: हे मलाही पूर्ण समजलेले नाही, मी ते मानतो.

मधुकररावांनी चष्मा काढला. 'मानणे' यासाठी नियमावलीत तरतूद नव्हती. मुदतवाढ मंजूर झाली, एकदा आणि मग पुन्हा.

दिवाळी होऊन गेली. व्हरांड्यात गार वारा लागू लागला आणि बाईंच्या आईला खोकला जडला. त्या गुरुवारी बाई आईलाही घेऊन आल्या. म्हातारी जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर बसली; पुढे चढवेना. आमचा जिना झाडणाऱ्या धुरपदाबाई तिथेच होत्या. त्या धुळ्याकडच्या, नवऱ्याबरोबर यंत्रमागांच्या कामापायी सुरतेला आलेल्या. त्यांनी म्हातारीला पाणी दिले आणि वर येऊन दारातून आत डोकावून काय अडले आहे ते विचारले. आम्ही थोडक्यात सांगितले.

धुरपदाबाईंनी भिंतीवरच्या तसबिरीकडे बोट केले. "तीन तोंडे शेतस ना त्याले? पन देव एकच शे ना?"

मी पेढ्याच्या कागदाची घडी घालू लागलो.

मग मधुकररावांनी समजावले की दत्ताची गोष्ट वेगळी आहे. ती आपल्याला समजायची गरज नाही, कारण ते आपले आहेत.

साळवेबाई उठल्या. रागावल्या नाहीत. टेबलावरचा अर्ज उचलून त्यांनी पिशवीत ठेवला आणि म्हणाल्या, "एवढंच होतं तर पहिल्याच दिवशी सांगायचं होतं, सर. मी आईला इतके महिने स्टुलावर बसवलं नसतं."

'सर' हा शब्द मधुकररावांना लागला असावा, कारण त्यांनी तो इतिवृत्तातून वगळायला सांगितला.

त्याच संध्याकाळी धुरपदाबाई दोघींना नवागामला घेऊन गेल्या. तिथे हिलाल नावाच्या मागवाल्याची पत्र्याची खोली रिकामी होती. त्याने दोनच गोष्टी विचारल्याचे कळले: विहीर लांब आहे, पाणी कोण आणणार, आणि आजीला तिखट चालते का. नऊ नंबरची खोली पुढे बारडोलीकडच्या एका गृहस्थांना दिली. त्यांनी कुलदैवत एकच लिहिले. राहायला मात्र ते कधी आले नाहीत.

दोन वर्षांनी तापी पुन्हा चढली. पटकीची साथ येईल म्हणून टोचायला माणसे आली, आणि आमच्या अंगणात टेबल मांडून बसल्या त्या साळवेबाई. बारा बिऱ्हाडे बाह्या सरसावून रांगेत उभी राहिली. पुढे मधुकरराव. सुईत काय आहे, कोणी केले, ते अंगात जाऊन काय करते, यावर कोणी उपसमिती मागितली नाही.

मधुकररावांनी घसा साफ करून आईंची प्रकृती विचारली.

"मार्चमध्ये गेली," बाई म्हणाल्या. "हात सैल सोडा."

त्यांनी हात सैल सोडला. बाईंनी सुई इतकी हलकी टोचली, की ते नंतरही काही वेळ तसेच उभे होते आणि मागच्यांना त्यांना सरकवावे लागले.

आमच्या अर्जाच्या नमुन्याची कीर्ती पुढे दूरवर गेली. निरनिराळ्या शहरांतल्या एकेचाळीस गृहसंस्थांनी तो मागवला आणि मी सर्वांना टपालाने पाठवला. वाचकहो, तुमच्या संस्थेचे नाव त्या एकेचाळिसांत नाही, हे मी वही उघडून पाहिले आहे. तुमच्याकडे रकाना छापावा लागत नसावा. अर्जदाराचे आडनाव ऐकूनच भागत असेल.